तट्टीखालचा घास

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि कोयता अजून खाली ठेवलेला नव्हता.

आम्ही बुरूड. कसबा पेठेत आमची आळी. बांबू फोडायचा, त्याच्या कामट्या काढायच्या आणि त्यातून टोपल्या, सुपं, कोंबड्यांची डालगी विणायची, हा आमचा धंदा. एकेकाळी मंडईतले लोक नुसता हात फिरवून सांगायचे की ही पाटी माझ्या हातची. आता तिथे प्लॅस्टिकचे क्रेट आले आहेत. ते दिसले की मी मान फिरवतो. शाळा चौथीपर्यंत झाली. पाचवीतही गेलो होतो, पण दारापर्यंतच.

त्या वर्षी उन्हाळा लागायच्या सुमारास एक डॉक्टरबाई आळीत आल्या. जनावरांच्या डॉक्टर. तिशीच्या असतील, चंद्रपूरकडच्या. पायात बूट, बुटांना चिखल. त्यांना बांबूच्या तट्ट्या हव्या होत्या, म्हणजे विणलेल्या उभ्या भिंतीच म्हणा. पुरुषभर उंच, आणि इतक्या घट्ट की आतलं बाहेर दिसू नये आणि बाहेरचं आत.

"काय ठेवायचंय आत?" मी विचारलं.

"लांडग्याची पिल्लं आहेत, काकाजी. तीन."

हडपसर ओलांडून पुढे माळाला लागून त्यांचं केंद्र होतं. जखमी, अनाथ रानजनावरं तिथे आणून बरी करायची आणि परत सोडायची. ही तीन पिल्लं प्लॉट पाडायला माळ सपाट करताना जेसीबीवाल्याला बिळात सापडली होती. आई आधीच रस्त्यावर गाडीखाली गेली होती. त्यांना मोठं करून लांबच्या एका गवताळ माळावर सोडायचं होतं. तिथे पूर्वी लांडगे होते, आता उरले नव्हते. माळ आहे, गवत आहे, ससे आहेत, फक्त ज्याचा तो माळ आहे तोच नाही, असं बाई म्हणाल्या.

"म्हणजे लांडग्यांना पडद्यात ठेवायचं," मी म्हटलं. "आमच्या आळीत सुनांनीसुद्धा सोडला पडदा."

बाई हसल्या नाहीत. "त्यांना माणूस दिसलाच नाही पाहिजे. माणसाची भीती राहिली तर ते जगतील. भीती गेली तर एक दिवस धनगराच्या कळपाजवळ जातील, कुत्र्यासारखे उभे राहतील, आणि डोक्यात काठी बसेल. एवढीच गोष्ट आहे."

एवढीच गोष्ट मला पहिल्या दिवशी समजली होती. समजली नव्हती असं मी कुणाला सांगणार नाही.

तट्ट्या आळीत विणून न्यायच्या तर टेम्पोत मोडल्या असत्या. म्हणून बांबू तिकडे टाकले आणि मी रोज बसने जाऊन तिथेच काम करू लागलो. बाईंनी मला लांब, पत्र्याच्या शेडमध्ये बसायला सांगितलं. पत्र्याखाली उन्हात बांबू वाळतो आणि फोडताना तडकतो. मी कुंपणाला लागून कडुनिंब होता, त्याच्या सावलीत बैठक मारली. बाई म्हणाल्या, इथे नको. मी म्हटलं, मग तट्टी पण नको. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं, बसा. पण आवाज नको."

"कोयत्याचं तोंड बांधू का?"

"कोयता बोलला तर चालेल, काकाजी. तुम्ही नका बोलू."

हे त्यांचं वाक्य पुढे मी मनात पुष्कळ वेळा माझ्या बाजूने उभं करून बघितलं. ते उभं राहत नाही.

तट्ट्या मी अशा विणल्या की सूर्य समोर असला तरी पलीकडून सुईएवढा उजेड येईना. केंद्रावर एक राखणदार होता, फुरसुंगीकडचा. तो तट्टीला डोळा लावून बघायचा आणि म्हणायचा, "म्हातारबा, आतमंदी लांडगं हायती का हत्ती, कायबी कळंना." मला बरं वाटायचं. पिल्लांना मांस टाकायची बाईंची पद्धत होती. मागच्या बाजूला पत्र्याची उतरती नळी होती, तिच्यातून ते सोडायचं, कधी सकाळी, कधी दुपारी, म्हणजे वेळ ठरू नये आणि कोण देतंय ते दिसू नये.

तिघांपैकी दोन नर होते, धटिंगण. तिसरी मादी होती. मांस पडलं की दोघे पुढे व्हायचे आणि ती मागे उभी राहायची. आवाजावरून मला कळायचं. भांडण दोघांचं, आणि ते निवल्यावर एकटीचं हाडं चघळणं.

माझ्या बापाचा एक नियम होता. बुरुडाने कामाच्या जागी एकट्याने जेवायचं नाही. जिथे बसून बांबू फोडला तिथल्या कुठल्या तरी जिवाला पहिला घास द्यायचा. मुंगी असो, मांजर असो. आळीत आमच्या दारात कुत्री असायची. मी काम थांबवताना कोयता लाकडी ठोकळ्यावर दोनदा आडवा आपटतो, पात्याला चिकटलेल्या काड्या झडाव्यात म्हणून. तो आवाज झाला की कुत्री उठून यायची. त्यांना हाक मारायला लागायची नाही. बापाच्याही वेळी तसंच होतं. यात शिकवण्यासारखं काही आहे हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

केंद्रावर पहिल्या दिवशी मी कोयता आपटला, डबा उघडला आणि घास काढला. जीव म्हणजे पलीकडे तीन होते. घास मी निंबाच्या बुंध्याशी ठेवला, मुंग्यांना. असे काही दिवस गेले. मग तट्टीच्या तळाशी फू फू ऐकू यायला लागलं. नाक जमिनीला लावून कुणीतरी वास घेत होतं. डब्यात भाकरीबरोबर मटणाचा रस्सा होता.

बुरूड विणीत फट ठेवत नाही. ठेवली तर तो बुरूड नाही. मी तळाची एक कामटी सैल केली. बोटभर. भाकरीचा तुकडा रश्शात बुडवून आत सरकवला. पलीकडून तो हळूच ओढला गेला. दात बोटाला लागले नाहीत. ती ओढ अजून माझ्या बोटात आहे.

बाईंपासून मी लपवलं नाही. त्यांनीच एक दिवस विचारलं, "काकाजी, तुम्ही तिथे काय देऊन राहिले?"

"घास. ती धाकटी उपाशी राहते. दोघे खाऊ देत नाहीत तिला."

"ती उपाशी नाही. नळीखालच्या काट्यावर मी तिचं वजन बघते. ती मागे राहते कारण ती शहाणी आहे. नका देऊ."

"एका घासाने काय होतंय?"

"एका घासानेच होते," त्या म्हणाल्या. "मांस पडतं तेव्हा त्यांना कळत नाही कुठून पडलं. तुमचा घास तुमच्याकडून येतो."

मी "बरं" म्हटलं. पुण्यात "बरं" म्हणजे ऐकलं, इतकंच. करीन असं त्यात नसतं. बाई बाहेरगावच्या, त्यांना ते ठाऊक नव्हतं.

खरं सांगायचं तर मला राग आला होता. माझ्या नातीच्या वयाची नसली तरी लेकीहून लहान, आणि मला जनावर शिकवते. मी फट पुन्हा घट्ट केली, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी कोयता आपटला आणि डबा उघडायच्या आधीच पलीकडे धप्प करून कुणीतरी येऊन बसलं. मी कामटी सैल केली.

राखणदार बघायचा. "आमच्या आज्यानं लांडग्याला काठी घातली, आन् तुमी कालवण घालताय. लई पुण्य लागंल." तो बाईंना सांगायला गेला नाही. म्हाताऱ्या माणसाची चहाडी कशाला, म्हणाला असेल. मला वाटलं, सगळ्यांना पटलंय.

पावसाळ्यात बांबू भिजतो, कुजतो. तट्ट्या दुरुस्त करायला मी जात राहिलो. दर वेळी कोयता, दर वेळी घास. पिल्लं राहिली नव्हती ती. पलीकडचं पाऊल जड झालं होतं. मी तिला कधी बघितलं नाही, हे मला मोठं वाटायचं. नियम मोडला नाही असंच मी धरून चाललो. माणूस दिसता कामा नये ना? मग मी दिसलो कुठे.

घरी बायको म्हणायची, "अहो, रस्सा जास्त घालून द्यायला सांगता रोज. तब्येत तर तुमची तशीच. खातं कोण?"

"लांडगी."

"मग तिला विचारा, मीठ बरोबर आहे का."

थंडी पडल्यावर सोडायचं ठरलं. त्याआधी परीक्षा होती. बाईंनी माळावरचा एक खरा धनगर बोलावला, काठी, घोंगडी सगळ्यांसकट. तो दार उघडून आत गेला आणि नुसता चालत राहिला. आम्ही मचाणावरून बघत होतो. तिला मी पहिल्यांदा त्या दिवशी बघितलं. मातीच्या रंगाची, पाय लांब, अंगाने मला वाटलं होतं त्यापेक्षा भरलेली. धनगर दिसताच तिघंही पोटाशी शेपूट घालून पार मागच्या कोपऱ्यात, झुडपामागे गेली. धनगर ओरडला, काठी आपटली. एकानेही पुढे तोंड काढलं नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझा हात दाबला. "काकाजी, तुमच्या तट्टीने केलं हे," असं म्हणाल्या.

मी फुगलो. आता गाडी लावायच्या बाजूला एक तट्टी कापून दार करायचं होतं. मी खाली उतरलो, माझ्या निंबाखाली बसलो, दोन बांबू फोडले. काम संपलं. हात सवयीचा. कोयता ठोकळ्यावर दोनदा आडवा आपटला.

ती आली. झुडपामागून सरळ, धनगर अजून आत उभा असताना त्याच्या बाजूने धावत. तट्टीच्या तळाशी येऊन पोटावर पडली, नाक फटीला लावलं आणि कुं कुं करायला लागली. शेपूट जमिनीवर आपटत होती. मचाणावरून बाईंनी ते बघितलं, मी फटीतून बघितलं. धनगर हसला. "ही तर आमच्या कुत्रीवानी हाय," म्हणाला.

बाई खाली आल्या. ओरडतील म्हणून मी तयार होतो. ओरडल्या असत्या तर मी भांडलो असतो.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून."

"मी सांगितल्यावरही?"

"हो."

त्या जमिनीवरच बसल्या, काड्यांच्या ढिगाऱ्यात. मग म्हणाल्या, "त्या माळाच्या कडेला लोक राहतात. दिवसभर कोणी ना कोणी काही तोडत असते. लाकूड, बाभळीच्या काट्या, ऊस. कोयता लाकडावर पडला की ही तिथे जाईल. लोळण घेईल. मी हिला नाही सोडू शकत."

"मग?"

"मग पिंजरा. जन्मभर."

दोघांना सोडायला गाडी गेली, तेव्हा मीही गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी नकोही म्हटलं नाही. माळावर गवत कमरेएवढं, वाळून पिवळं झालेलं. पेट्यांची दारं उचलली. पहिला बाहेर पडला तो थांबलाच नाही. दुसरा दहा पावलांवर थांबला, मागे वळून पेट्यांकडे बघितलं. दोनच पेट्या होत्या. मग तोही गवतात गेला. गवत हललं, मग हलायचं थांबलं. मी बघत राहिलो, कारण दुसरीकडे बघायला जागा नव्हती. बाजूला बाई उभ्या होत्या.

केंद्रावर ती एकटी ओरडायची. राखणदाराने फोन केला मला. त्याला काही सांगायचं नव्हतं, नुसता फोन धरून उभा राहिला. ऐकू आलं. मग म्हणाला, "आयकलं का, म्हातारबा?" मी फोन ठेवला.

काही दिवस मी तिकडे गेलो नाही. पुन्हा गेलो तो भाकरी न घेता. बाईंना म्हटलं, "काही उपाय असला तर सांगा. म्हातारा समजून सोडू नका."

त्यांनी बघितलं माझ्याकडे. म्हणाल्या, एकच वाट आहे, आणि ती चालेल याची खात्री नाही. ज्या आवाजाला ती येते त्याच आवाजाची तिला भीती बसली पाहिजे. कोयता वाजला की घास नाही, मार. आठवडा, महिना, जेवढे दिवस लागतील तेवढे. बसली तर दोन महिन्यांनी तिलाही त्याच माळावर नेऊ, भावांच्या मागे. नाही बसली तर नाही.

"मग करा," मी म्हटलं.

"पाहिलं करून. राखणदाराने कोयता आपटला. ती आली, पण काठी पोचेल एवढी जवळ नाही. मी आपटला, तेच. तुमचा हात ओळखते ती." मग म्हणाल्या, "तुम्हालाच मारावं लागेल, काकाजी. बांबूने. लागेल असं."

मी उठलो. त्यांना म्हटलं, एकाहत्तर वर्षांत मी जनावरावर हात उचललेला नाही. आमच्या दारातलं कुत्रं म्हातारं होऊन मेलं, काठी खाऊन नाही. हे माझ्याकडून व्हायचं नाही. दुसरं काही असेल तर सांगा.

"दुसरं नाही," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी मी तयारी ठेवते. आले तर आले."

बसने परत येताना मी खिडकीत बसलो होतो आणि माझं मलाच पटवत होतो. बाई शिकलेल्या आहेत, काहीतरी शोधतील. पिंजरा म्हणजे तरी काय, वेळेवर खायला मिळतं, ऊन नाही, पाऊस नाही. स्वारगेटला उतरलो तेव्हा सगळं पटलं होतं. चालत मंडईपर्यंत आलो तेव्हा पुन्हा काहीच पटत नव्हतं.

बायकोला जेवताना सांगितलं. ती वाढत होती, थांबली नाही.

"मग? जाणार का?"

"मी जनावराला मारत नाही. तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे. आळीला माहीत आहे. पेठेतल्या सगळ्यांना माहीत आहे, तुम्हीच सांगत असता." तिने ताटात भात घातला. "अहो, तिच्या लेखी तुम्ही चांगले राहाल. ती पिंजऱ्यात बसून म्हणत राहील, चांगला होता हो तो भाकरीवाला."

मी भात कालवला.

"वाईट व्हायचं तुमच्या जिवावर आलंय," ती म्हणाली. "तिच्या जिवाचं कुणी विचारतच नाही."

पन्नास वर्षांच्या संसारात बायकोच्या बोलण्यावर मी उलट उत्तर दिलं नाही असे प्रसंग थोडे. त्या दिवशी दिलं नाही. भात खाल्ला. हात धुतला. बसून विचार केला तेव्हा एक गोष्ट स्वच्छ दिसली, ती मला आधी दिसायला हवी होती. तो घास मी तिच्यासाठी देत होतो असं म्हणत आलो. पण ती धप्प करून येऊन बसायची तेव्हा मला जे वाटायचं, त्यासाठी देत होतो. मंडईत आता कुणी माझी पाटी ओळखत नाही. ती ओळखत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने गेलो. डबा नेला नाही. बाई आणि राखणदार उभे होते. त्यांनी तट्टीची तळाची बाजू वीतभर उचलून ठेवली होती. मी एक बारीक, लवचीक कळक निवडला, पेरं तासून गुळगुळीत केली, म्हणजे हाड मोडू नये आणि चामडीला झोंबावा. हे माझ्याशिवाय कुणाला नीट जमलं नसतं. निंबाखाली बसलो. एक बांबू फोडला, खोटा नाही, खरा, टोकापासून टोकापर्यंत. मग कोयता ठोकळ्यावर दोनदा आपटला.

ती लगेच आली. नाक फटीतून बाहेर काढलं, ओलं, काळं. मी कळक उचलला आणि नाकावर मारला.

ती किंचाळली आणि मागे सरकली. पळाली नाही. चार हात लांब उभी राहिली असावी, श्वास ऐकू येत होता. मग पुन्हा पुढे आली, हळू, पोटावर सरपटत, जसं चुकीचं काही घडलं असेल तर ते आता नीट होईल. नाक पुन्हा फटीत. मी राखणदाराकडे बघितलं. तो दुसरीकडे बघत होता. मी मारलं. या खेपेला जोरात.

ती आतल्या बाजूला पळत गेली. झुडपाची पानं वाजली. मग काहीच नाही.

कळक मी मांडीवर आडवा धरला. बाईंनी थोडा वेळ जाऊ दिला आणि हळू म्हणाल्या, "पुन्हा, काकाजी."

मी कोयता उचलला आणि ठोकळ्यावर दोनदा आपटला.